नाणी, नोटा, तिकिटं ठेवण्याचं साहित्य: काय घ्यावं आणि काय घेऊच नये

संग्रहासाठी मिळणाऱ्या साहित्यातली सगळ्यात घातक वस्तूच सगळ्यात जास्त खपते. ती म्हणजे कप्प्याकप्प्यांची मऊ पारदर्शक पानं असलेला नाण्यांचा स्वस्त अल्बम. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत फोर्टचा फुटपाथ, ऑनलाइन दुकानं, सगळीकडे तो असतो. पान सहज वळतं, नाणं त्यात चकचकीत दिसतं आणि किंमतही खिशाला परवडते. पण यातले पुष्कळ अल्बम पीव्हीसीचे असतात, आणि तांब्या-चांदीच्या नाण्याला पीव्हीसीइतका वाईट शेजार दुसरा नाही.

पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करायला त्यात तेलकट प्लास्टिसायझर मिसळतात. हा प्लास्टिसायझर प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, त्यामुळे काही वर्षांत तो पृष्ठभागावर पाझरतो. दुसरीकडे जुनं होत जाणारं पीव्हीसी हळूहळू हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. या दोन्हींची तांब्याशी गाठ पडली की नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. संग्राहक त्याला हिरवा चिकटा म्हणतात. शिवराई, पाव आणा, अर्धा आणा ही तांब्याची नाणी यात आधी सापडतात. चांदीचा रुपयाही सुटत नाही, कारण ब्रिटिश काळातल्या ११.६६ ग्रॅमच्या रुपयात चांदी ९१.६७ टक्के आणि उरलेलं तांबं असतं. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ मधले रुपये तर निम्म्याच चांदीचे. त्यांत ४० टक्के तांबं, शिवाय निकेल आणि जस्त. त्यांना सगळ्यात जास्त जपायला हवं. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेला अल्बम कोकणातल्या कपाटातल्या अल्बमपेक्षा लवकर पाझरू शकतो.

दुकानदाराला विचारून उपयोग नाही. 'आर्काइव्हल', 'अ‍ॅसिड फ्री', 'म्युझियम क्वालिटी' हे शब्द पाकिटावर कुणीही छापतं. प्लास्टिकला 'अ‍ॅसिड फ्री' म्हणण्याला तर फारसा अर्थही नाही, तो शब्द कागदाचा आहे. पाकिटावर प्लास्टिकचं नाव लिहिलेलं आहे का, एवढंच बघा. नसेल तर घरी दोन चाचण्या करता येतात.

पहिली पाण्याची. पानाच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापा, भांड्यातल्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडा बोटाने पूर्ण बुडवा आणि सोडा. साबण नसेल तर हवेचे बुडबुडे चिकटतात आणि निकाल फसवा येतो. तुकडा वर आला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, दोन्ही चालतात. तळाशी गेला तर पीव्हीसी, पॉलिएस्टर किंवा पॉलिस्टायरीन यांपैकी काहीतरी आहे, आणि दुसरी चाचणी लागते. तांब्याची एक जाडसर तार लाकडी मुठीत किंवा पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. ज्योतीला हिरवी छटा येणं थांबलं की तार प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत लख्ख हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी समजा. खिडकी उघडी हवी, तुकडा लहान हवा आणि धूर नाकाजवळ नको. तारेला घामाचा हात लागला असेल तर मिठामुळेही हिरवी झाक येते, म्हणून तार आधी नीट तापवून घ्यायची. वासावरूनही बरंच कळतं. नव्या शॉवर कर्टनला येतो तसा उग्र वास पानाला येत असेल तर ते परत करा.

फ्लिप आणि पुठ्ठ्याचे होल्डर

दोन कप्प्यांचे घडीचे फ्लिप दोन जातींचे मिळतात. मऊ फ्लिप बहुधा पीव्हीसीचे असतात. नाणं विकत घेऊन घरी आणेपर्यंत ठीक, घरी आल्यावर काढून टाकायचे. कडक, हाताळताना कुरकुरणारे फ्लिप पॉलिएस्टरचे, ज्याला बाजारात मायलार म्हणतात. रासायनिकदृष्ट्या ते उत्तम, पण त्यांचे दोन दोष दुकानात कुणी सांगत नाही. एक, कडक कडेवरून नाणं आत-बाहेर सरकवताना उंच भागावर बारीक चरे पडतात, विशेषतः न वापरलेल्या चकचकीत नाण्यांवर. दोन, सतत उघडझाप केली की घडीवर ते तुटतात. ज्याला नाणी वरचेवर काढून बघायची आहेत त्याने हे घेऊ नयेत.

पन्नास मिलिमीटर चौरसाचे पुठ्ठ्याचे होल्डर, मध्ये पॉलिएस्टरची गोल खिडकी आणि कडेने स्टेपलर, हा मधल्या किमतीतला आमच्या मते सर्वांत उपयोगी पर्याय आहे. वीस-तीस वर्षांच्या नाणेसंग्रहाचा बहुतेक भाग यातच राहावा. फक्त वापरायची रीत पाळा. घडी घालण्याआधी पुठ्ठा उलटा धरून झटका, कारण कापताना उडालेली कागदाची भुकटी खिडकीत राहते आणि दमट हवेत तांब्यावर काळे ठिपके पाडते. पिना मारून झाल्यावर त्यांची टोकं पकडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या होल्डरची खिडकी फाटते आणि त्यातल्या नाण्यावर ओरखडा येतो. मुंबईत आणि कोकणात साध्या पिना दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलच्या शोधा. नाणं काढायचं असेल तेव्हा आधी सगळ्या पिना काढा. पुठ्ठा ओढून उघडला की पिनेचं टोक नाण्यावर घासतं.

चिकट पट्टी असलेले होल्डर आमच्या यादीत नाहीत. गोंद गरमीत मऊ होऊन खिडकीच्या कडेपर्यंत सरकतो. खिडकी नाण्यापेक्षा बरीच मोठी असली तरच त्यांचा विचार करा.

शिवराई गोल नसते, जाडही असते. तिला गोल खिडकीत दाबून बसवलं की पॉलिएस्टर ताणून फाटतं. अशा नाण्यांसाठी मोठ्या खिडकीचा होल्डर घ्या किंवा पॉलिथिलीनची छोटी झिपची पिशवी आणि तिच्याभोवती आम्लमुक्त कागदाचं पाकीट. दिसायला साधं आहे, पण नाण्याला काहीही होत नाही. झिपची पिशवीही पाण्यावर तरंगवून तपासून घ्या.

कॅप्सूल

कडक कॅप्सूल सहसा अ‍ॅक्रिलिकची किंवा पॉलिस्टायरीनची असते, दोन्ही नाण्यांना चालतात. लाइटहाऊससारख्या जर्मन कंपन्यांच्या चौकोनी कॅप्सूल भारतात आयात होऊन मिळतात. त्यांचा बाहेरचा आकार पन्नास मिलिमीटर असल्याने पुठ्ठ्याच्या होल्डरच्या पेटीतच त्या बसतात. गुणवत्ता चांगली, किंमत होल्डरच्या कित्येक पट. साध्या, व्यवहारात फिरलेल्या पंचवीस पैशाला ती देण्यात अर्थ नाही. चांदीचे रुपये, प्रूफ नाणी (संग्राहकांसाठी खास पाडलेली आरशासारखी नाणी) आणि १९६९ च्या गांधी शताब्दीच्या दहा रुपयांसारखी स्मारक नाणी यांच्यासाठी खर्च करा.

माप घेताना चूक होते ती अशी: नाण्याचा व्यास अंदाजाने धरतात. साडेतीस मिलिमीटरच्या रुपयाला बत्तीसची कॅप्सूल घेतली की नाणं आत खुळखुळतं आणि कडा घासते. व्हर्नियर कॅलिपरने मोजून अर्धा मिलिमीटर मोकळं राहील असं माप घ्या. गांधी शताब्दीचं नाणं ३४ मिलिमीटरचं असतं. आत येणारी काळी फोमची कडी पॉलिथिलीनची असेल तर ठीक. रबरी वाटली, वास आला, तर वापरू नका. कॅप्सूल हवाबंद असते हा समज मात्र सोडून द्या. नाण्याची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या सीलबंद स्लॅबमध्येसुद्धा (कडक प्लास्टिकच्या डबीत) हवा हळूहळू जातेच.

कॅप्सूलजवळ डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नका. त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, पृष्ठभाग धुरकट आणि चिकट होतो. कापराचंही तेच. कडुलिंबाची पानं कसर हाकलतात म्हणून अल्बमात घालतात, पण ती ओलावा आणतात आणि कागदावर डाग पाडतात.

सराफाकडची मखमली डबी आणि गुलाबी कागद, दोन्ही चार दिवसांसाठी आहेत. कागदाचा रंग ओलीत उतरतो, आणि कापड, गोंद, लोकर, फेल्ट यांतून गंधकाची संयुगं निघाली तर चांदी काळी पडते. रबरबँडमध्ये गंधक असतंच. टांकसाळीच्या मूळ बॉक्सला बाजारात किंमत असते, म्हणून तो फेकायचा नाही. बॉक्स वेगळा ठेवा, नाणं वेगळं.

नोटा

नोटांसाठी आमची शिफारस दोन कडा जोडलेल्या आणि दोन कडा उघड्या असलेल्या पॉलिएस्टरच्या बाहीला, म्हणजे पारदर्शक पाकिटाला आहे. नोट त्यात ढकलावी लागत नाही, वरचा पापुद्रा उचलून नुसती ठेवता येते, त्यामुळे कोपरे दुमडत नाहीत. बजेट कमी असेल तर पॉलिप्रॉपिलीनची तीन कप्प्यांची पानं घ्या. पण कप्प्याचं आतलं माप विचारा. महात्मा गांधी मालिकेतली हजाराची नोट १७७ × ७३ मिलिमीटर आहे, नव्या मालिकेतली दोन हजारांची १६६ × ६६. १८० × ८० चा कप्पा या दोन्ही मालिकांतल्या सगळ्या नोटांना पुरतो. जुन्या मोठ्या आकाराच्या नोटांना पुरत नाही, आणि कप्पा लहान म्हणून नोट दुमडून ठेवणं हा तर निव्वळ तोटा.

बँकेच्या गड्ड्यांना पिना मारायची पद्धत २००१ साली रिझर्व्ह बँकेने बंद करायला सांगितली, म्हणून त्याआधीच्या कोऱ्या नोटांनाही पिनेची भोकं असतात. अख्खी गड्डी मिळाली तर त्यात पीन आजही गंजत असते. ती ओढून काढू नका. पिनेच्या पायाखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवा, पाय सरळ करा, मग उलट्या बाजूने अलगद वर घ्या. गंजाचा डाग धुवायचा प्रयत्न नको.

लॅमिनेशन केलेली नोट संग्रहातून गेली असंच समजा. उष्णतेने वितळलेला गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो, तो सुटत नाही. सेलोटेपचंही तसंच, फक्त जरा सावकाश. पिवळा पडलेला टेप स्वतः सोलू नका.

आणखी एक गोष्ट मान्यवर दुकानांतही चुकीची सांगतात: चारही बाजूंनी सील करा म्हणजे हवा लागणार नाही. वर्तमानपत्र, हुंडी, जुना स्टॅम्प पेपर अशा आम्लयुक्त कागदाला पूर्ण सील केलं तर त्यातून निघणारी आम्लं आतच कोंडतात आणि कागद आणखी लवकर ठिसूळ होतो. एक कड उघडी ठेवा, पाठीशी कॅल्शियम कार्बोनेटयुक्त आम्लमुक्त कागद लावा. त्याचा सामू ७ ते ८.५ असावा. पेन्सिलची रेघ, पेस्टल किंवा सुटत आलेली शाई असेल तर पॉलिएस्टर वापरू नका. त्याची स्थिर वीज कण ओढून घेते.

तिकिटं

हिंदुस्थानातलं टपाल तिकीट सुरुवातीपासूनच नाजूक. १८५२ मध्ये ब्रिटिश कमिशनर बार्टल फ्रिअरच्या सिंधमध्ये निघालेलं पहिलं 'सिंध डाक' तिकीट लाखेच्या लाल चकतीचं होतं, आणि ते तडकून चुरा होई, म्हणूनच ते इतकं दुर्मीळ आहे. आपल्या तिकिटांचं दुखणं वेगळं: पाठीचा डिंक. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की तो चिकट होतो आणि तिकीट पानाला धरतं.

स्टॉक बुक (पानांवरच्या पट्ट्यांत तिकिटं खोचून ठेवायचं पुस्तक) घेताना काळ्या पानाच्या कोपऱ्यावर ओला कापसाचा बोळा दाबून बघा. कापसाला काळा रंग लागला तर पुस्तक परत करा. पट्ट्या ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या असतील तर दहा-पंधरा वर्षांनी त्या पिवळ्या पडतात, तेव्हा पुस्तक बदलायचं. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्ट्या जास्त टिकतात. न वापरलेल्या, डिंक शाबूत असलेल्या तिकिटांना हिंज (पाठीला चिकटवायचा डिंकाचा छोटा कागद) लावू नये, हाविदसारखे पॉलिस्टायरीनचे माउंट, म्हणजे तिकिटाचे पारदर्शक खिसे लावावेत. ते महाग पडतात, म्हणून मोजक्या तिकिटांनाच. वापरलेल्या तिकिटांना साधा चांगला हिंज पुरतो.

पुस्तकं नेहमी उभी ठेवा, आणि दाटीवाटीने नाही. आडवी चळत लावली की खालच्या पुस्तकातली तिकिटं वजनाने दाबली जातात आणि पहिल्या दमट आठवड्यात चिकटतात. नारंगी, लाल-नारंगी तिकिटं रबरबँडजवळ किंवा गंधकयुक्त हवेत तपकिरी पडतात, कारण शाईतल्या शिशाचा सल्फाइड होतो. ती वेगळ्या पानावर घ्या.

दमटपणा, आणि पाच ग्रॅमच्या पुड्या

इथे बहुतेकांचा पैसा वाया जातो. डब्यात पाच ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून लोक निश्चिंत होतात. दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत, ३० अंशांना पूर्ण दमट असली तरी, पाण्याची वाफ सुमारे ०.३ ग्रॅम असते. तेवढी पुडी सहज शोषते. पण पाणी हवेत नसतं, कागदात असतं. दोन किलोचे अल्बम ८० टक्के आर्द्रतेतून ५० टक्क्यांवर आणायचे तर कागद-पुठ्ठ्यातून साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम पाणी काढावं लागतं. सिलिका जेल ५० टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी धरतं. म्हणजे अडीचशे ते सव्वातीनशे ग्रॅम जेल हवं. पाच ग्रॅमच्या पुड्या घातल्या-न घातल्या सारख्याच.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, जेल सुट्टं अर्धा-एक किलो घ्या आणि सुती पिशवीत भरा. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, डबा बंद करायची वेळ निवडा. पुण्यात, नाशिकात फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी अल्बम एखादा दिवस उघडे ठेवून मग डब्यात भरले तर जेलचं काम निम्म्याहून कमी होतं. मुंबईत एसीच्या खोलीत दोन दिवस ठेवून भरा. एसीतून बाहेर काढताना डबा बंदच ठेवून तासाभराने उघडा, नाहीतर थंड नाण्यावर दव धरतं.

निळं-गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते हाताळायला चांगलं नाही. नारंगी-हिरवं घ्या. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवायचं. १५० च्या वर नेलं तर रंगखूण बिघडते. मोजायला साधा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो, पण त्याची खातरी करून घ्या. झाकणात मीठ आणि थोडं पाणी घालून ओल्या वाळूइतका घट्ट लगदा करा, तो आणि मापक एका झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७९ दाखवत असेल तर नेहमी चार वजा धरा. लक्ष्य ४५ ते ५० टक्के. तिकिटांना ४० च्या खाली नेऊ नका, डिंक आणि कागद वळतो.

डबा रबरी गॅस्केटऐवजी सिलिकॉनच्या पट्टीचा, पॉलिप्रॉपिलीनचा. कपाट पोलादी, पावडर कोटिंगचं, बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढलेलं. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड निघतं, लाकडातून सेंद्रिय आम्लं. शिसं आणि शिशाची मिश्रणं त्यांना सगळ्यात आधी बळी पडतात. गोव्यातली पोर्तुगीजकालीन बझारूको नाणी तांब्याप्रमाणे कथलाचीही पाडली गेली. अशा मऊ धातूंच्या मिश्रणात शिसं असेल तर नाण्यावर पांढरी भुकटी धरते आणि अक्षरं गिळते. ही नाणी लाकडी ड्रॉवरमध्ये नकोतच.

हिरवा चिकटा आधीच धरला असेल तर

शुद्ध अ‍ॅसिटोन लागतं, नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. दोन काचेच्या वाट्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत. पहिल्या वाटीत नाणं दहा-पंधरा मिनिटं बुडवा, दुसरीत स्वच्छ अ‍ॅसिटोनने विसळा, सुती कापडावर ठेवून आपोआप सुकू द्या. पुसायचं नाही. खिडकी उघडी, आणि त्या खोलीत गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती काहीही पेटतं नको. चिकटा निघतो, पण त्याखाली धातू खाल्ला गेला असेल तर तो खड्डा राहतो. रंगीत किंवा लाखेचा थर दिलेल्या नाण्यांना आणि नोटा-तिकिटांना अ‍ॅसिटोन लावायचं नाही. त्याने ओलं असलेलं नाणं कॅप्सूलमध्ये ठेवलं तर पॉलिस्टायरीन तिथल्या तिथे विरघळतं.

एकदम सगळं बदलायला पैसे नसतील तर क्रम असा ठेवा: आधी पीव्हीसीतून तांबं आणि चांदी बाहेर, तात्पुरती आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत. मग पुठ्ठ्याचे होल्डर आणि नोटांच्या बाह्या. मग डबा आणि जेल. कॅप्सूल शेवटी. जुने पीव्हीसीचे अल्बम नवख्या मुलांना भेट देऊ नका. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की प्रत्येक पेटीतली चार-पाच नाणी आणि एखादं स्टॉक बुक भिंगाखाली बघा. काठावर हिरवट झाक किंवा पानाला चिकटलेला कोपरा दिसला तर ती पूर्ण पेटी तपासा आणि जेल पुन्हा सुकवा.